भांगेचे तेल, मेंदूतल्या आधारपेशी आणि आमच्या घरातला चहा



गेल्या वर्षी सुक्कोतच्या सुमारास आमच्या ह्यांना पायांच्या दुखण्यासाठी कॅनाबिसच्या तेलाची परवानगी मिळाली. डायबेटिसमुळे तळपायांची आग आग होते, रात्र रात्र झोप नाही, चादरीचा स्पर्शसुद्धा नकोसा होतो. हे दुखणे आपल्या लोकांत किती घरांत आहे ते मी सांगायला नको. तेल सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात हे सहा तास सलग झोपले. मी देवाचे आभार मानले.

दोन महिन्यांनी एका दुपारी ह्यांनी गॅसवर चहाचे आधण ठेवले आणि बाल्कनीत जाऊन बसले. पाणी आटले, पातेले जळून काळे झाले, तरी ह्यांना पत्ता नाही. मग सुरू झाले, “गोळी घेतली का मी?” दहा मिनिटांत तीनदा तोच प्रश्न. गोष्ट सांगायला लागायचे आणि मध्येच थांबायचे, “मी काय सांगत होतो?” थोरली मुलगी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, “इमा, अबांना अल्झायमर तर नाही ना?”

वृद्धांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सर्वांत आधी विचारले, “तेलाची बाटली आणलीत का?” मी पिशवीतून काढून दिली. बाटलीवर टी-१० सी-१० लिहिलेले. “रात्री किती थेंब घेता?” कागदावर दोन लिहिले होते. हे घेत होते पाच, कधी सहा, आणि दुपारी झोपताना आणखी दोन. चूक आमची होती. पाय जास्त दुखले की आपण एक थेंब वाढवतो, आणि वाढवलेला थेंब पुन्हा कमी कोण करतो?

मी तीस वर्षे दक्षिणेतल्या एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड रंगवायचे काम केले. डॉक्टर नाही, पण मेंदूचे हजारो तुकडे या डोळ्यांखालून गेलेत. तेव्हा मी विचारले, पायाचे दुखणे थांबवणारे तेल आठवणीवर कसे जाते? बाई म्हणाल्या, “पेशींमुळे. आणि नुसत्या मज्जापेशींमुळे नाही, ॲस्ट्रोसाइटमुळेसुद्धा.” हे ऐकून मी चाटच पडले. लॅबमध्ये या ॲस्ट्रोसाइटांकडे आम्ही कधी लक्षच दिले नव्हते! घरी येऊन मी वाचायला बसले. जे समजले ते तुम्हाला सांगते, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांत आता ही बाटली आहे.

आधी या पेशींची ओळख. मेंदूत दोन जातींच्या पेशी आहेत. पहिल्या मज्जापेशी. या विजेसारखे संदेश पाठवतात आणि विचार, हालचाल, आठवण ही सगळी ख्याती त्यांच्या नावावर. दुसऱ्या ग्लिया, म्हणजे आधारपेशी. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी त्यांना हे नाव दिले. त्यांना वाटले, सुतार फटीत लांबी भरतो तसा हा मेंदूतला भरणा आहे. कोकणातल्या कुडाच्या घरात कारवीच्या काड्या उभ्या आणि त्यांवर मातीचा गिलावा असतो ना, तसेच. काड्या म्हणजे मज्जापेशी आणि गिलावा म्हणजे ग्लिया. गिलाव्याला कोण विचारतो?

आमच्या लॅबमध्येही तीच गत. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात मज्जापेशी मोठ्या, ऐटदार दिसतात. आधारपेशीचा फक्त काळपट ठिपका दिसतो, बाकीचे अंग रंगच घेत नाही. जे दिसत नाही ते महत्त्वाचे नाही, असा माणसाचा हिशेब. पण खास रंग वापरला की त्याच ठिपक्यातून चारी दिशांना बारीक फांद्या पसरलेल्या दिसतात, चांदणी काढावी तशा. म्हणून तिचे नाव ॲस्ट्रोसाइट, तारकेसारखी पेशी. पूर्वी पुस्तकांत लिहायचे की आधारपेशी मज्जापेशींच्या दहापट आहेत. नीट मोजले तेव्हा हिशेब जवळजवळ सारखा निघाला. मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी आणि आधारपेशीही साधारण तितक्याच.

त्यांची कामे काय? लग्नघर डोळ्यांपुढे आणा. पंगतीला बसलेले लोक म्हणजे मज्जापेशी. वाढणारे, पाणी देणारे, उष्टी उचलणारे म्हणजे आधारपेशी. ॲस्ट्रोसाइट एका हाताने रक्तवाहिनीला धरून असते आणि दुसरे हात मज्जापेशींच्या सांध्यांवर ठेवते. रक्तातली साखर घेते, तिच्यापासून लॅक्टेट बनवते आणि मज्जापेशीला पुरवते. सांध्यात सांडलेले रसायन पुसून घेते. माणसाची एक ॲस्ट्रोसाइट काही लाख सांध्यांवर नजर ठेवते असा अंदाज आहे. दुसरी जात मायक्रोग्लिया. ही मेंदूतली राखणदार आणि झाडूवाली. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा ती गिळून टाकते. तिसरी जात मज्जातंतूंवर चरबीचे वेष्टण गुंडाळते, विजेच्या वायरवर प्लास्टिक असते तसे.

आता भांगेकडे वळू. ही गोष्ट आपल्या इथलीच आहे. बल्गेरियातून आलेले राफाएल मेशुलाम हे रसायनशास्त्रज्ञ रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत तरुण संशोधक होते. अफूतून मॉर्फीन काढून दीडशे वर्षे झाली, कोकापासून कोकेन काढून शंभर वर्षे झाली, मग भांगेतले नशेचे द्रव्य अजून कुणी शुद्ध का काढले नाही, हा त्यांचा प्रश्न. माल हवा म्हणून ते पोलिसांकडे गेले. पोलिसांनी लेबनॉनहून चोरून आणलेला पकडलेला पाच किलो हशीश हाती दिला! मेशुलाम ती पिशवी घेऊन तेल अवीवहून बसने रेहोवोतला आले. बसमधले लोक एकमेकांकडे बघू लागले, हा वास कसला? पुढे कळले की परवानगी आरोग्य मंत्रालयाची लागते, आणि देणारा आणि घेणारा दोघांनीही कायदा मोडला होता. १९६४ साली मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी त्यातून टीएचसी हे द्रव्य वेगळे काढले. बाटलीवरचा ‘टी’ तो हाच. त्याआधी त्यांच्याच गटाने सीबीडीची रचना उलगडली होती. तो बाटलीवरचा ‘सी’. झिंग आणते ती टी, सी आणत नाही.

यानंतर मेशुलामांच्या पत्नीने केक केला आणि मित्रमंडळींना खाऊ घातला. काहींच्या तुकड्यात दहा मिलिग्रॅम टीएचसी होते. एक म्हणाला मला काही होत नाही, आणि बोलायचा थांबेना. एकाला थोड्या थोड्या वेळाने हसू फुटत होते. एकाला भीतीने घेरले. माप तेच, केक तोच, आणि माणसे वेगळी. हे दहा मिलिग्रॅम लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब करायचा आहे.

टीएचसी मेंदूत जाऊन करते काय, हे पुढची चोवीस वर्षे कोडेच होते. १९८८ साली अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखवले की मेंदूतल्या पेशींवर तिच्यासाठी जागाच आहे. या जागेला रिसेप्टर म्हणतात. सोपे करून सांगायचे तर पेशीच्या दाराचे कुलूप, आणि ठरावीक किल्लीच त्यात फिरते. या कुलपाला सीबी-१ म्हणतात. १९९३ साली दुसरे सापडले, सीबी-२. ते आधी प्लीहेत आणि रक्तातल्या रक्षक पेशींत दिसले.

पण भांगेसाठी परमेश्वराने आपल्या डोक्यात कुलूप कशाला बसवावे? अर्थात किल्ली शरीराचीच असणार. डिव्हेन जेरूसलेमला मेशुलामांकडे आले, तिथे लुमिर हानुश नावाचे चेक शास्त्रज्ञ होतेच, आणि १९९२ साली त्यांना मेंदूनेच बनवलेली किल्ली सापडली. तिचे नाव आनंदामाइड. होय, आपल्या ‘आनंद’ शब्दावरून, संस्कृतातून घेतलेले. जेरूसलेममध्ये डुकराच्या मेंदूतून काढलेल्या पदार्थाला संस्कृत नाव! आमचे हे म्हणाले, याहून कालवलेली मिसळ कुठे मिळणार? तीन वर्षांनी दुसरी किल्ली सापडली, तिला टू-एजी म्हणतात. मेंदूत तीच जास्त असते.

या किल्ल्यांचे काम मोठे मजेशीर आहे. मज्जापेशींच्या सांध्यावर एक पेशी बोलते, दुसरी ऐकते. ऐकणारीला फार झाले की ती टू-एजी बनवून उलट पाठवते. ती बोलणारीच्या सीबी-१ कुलपात बसते आणि बोलणारी आवाज खाली करते. “पुरे, पुरे, वाढू नका आता,” असे पंगतीत आपण पानावर आडवा हात धरून सांगतो ना, तसेच. दुखण्याचा संदेशही असाच खाली येतो. पण शरीर हे क्षणापुरते करते, लागेल तिथेच करते आणि लगेच ती किल्ली मोडून टाकते. टीएचसी बाहेरून येते, सगळ्या कुलपांत एकदम बसते आणि तासन् तास बसून राहते.

बरीच वर्षे सगळे समजत होते की सीबी-१ फक्त मज्जापेशींवर आहे. ॲस्ट्रोसाइटवर आहे असे कुणी म्हटले तरी ते इतके थोडे की मोजणाऱ्यांत वाद. २००८ साली माद्रिदच्या काहाल इन्स्टिट्यूटमध्ये मार्ता नावारेते आणि अल्फोन्सो आराके यांनी उंदराच्या मेंदूच्या कापात दाखवले की मज्जापेशीने सोडलेली ही किल्ली शेजारच्या ॲस्ट्रोसाइटवरही फिरते. ॲस्ट्रोसाइटच्या आत कॅल्शियमची लाट उठते आणि ती स्वतः ग्लुटामेट हे रसायन सोडून मज्जापेशीला उत्तर देते. म्हणजे वाढपी नुसते वाढत नाहीत, पंगतीतले बोलणे ऐकतात आणि मध्ये तोंडही घालतात!

आता चहाच्या पातेल्याशी येऊ. २०१२ साली फ्रान्स आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. आपल्याला एक तात्पुरती आठवण असते. फोन नंबर ऐकून तो फिरवेपर्यंत डोक्यात धरणे, गॅसवर काय ठेवले ते दहा मिनिटे ध्यानात ठेवणे, वाक्य सुरू केले ते संपेपर्यंत सांभाळणे. भांग घेतलेल्या माणसाची ही आठवण आधी जाते, हे होळीला मुंबईत ज्याने भांगेची थंडाई प्यालेले शेजारी पाहिले त्याला सांगायला नको. प्रश्न हा होता की हे कुठल्या कुलपामुळे होते. त्यांनी वेगवेगळे उंदीर तयार केले. काहींच्या मज्जापेशींवरचे सीबी-१ काढून टाकले, काहींच्या फक्त ॲस्ट्रोसाइटवरचे काढले. मग टीएचसी देऊन त्यांच्या तात्पुरत्या आठवणीची परीक्षा घेतली. सगळ्यांना वाटले होते मज्जापेशींचे कुलूप काढलेले उंदीर वाचतील. तसे झाले नाही. ते विसरलेच. ज्यांच्या ॲस्ट्रोसाइटवर कुलूप नव्हते, त्यांची आठवण शाबूत राहिली. टीएचसी ॲस्ट्रोसाइटला चेतवते, ती ग्लुटामेट सोडते, आणि त्यामुळे आठवणीच्या भागातले, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधले, सांधे ढिले पडतात.

ज्या पेशींवर कुलपे इतकी थोडी की मोजायला वाद, त्यांच्याकडून चहाचे पातेले जळले! हे वाचले त्या रात्री मला लॅबमधले ते काळपट ठिपके आठवले. तीस वर्षे मी त्यांना स्लाइडवरचा भरणाच समजत होते.

२०२० साली आणखी एक गोष्ट कळली. ॲस्ट्रोसाइटच्या आत ऊर्जा बनवणारे बारीक कारखाने असतात, मायटोकॉन्ड्रिया. फ्रान्स आणि स्पेनच्या गटाने दाखवले की सीबी-१ त्या कारखान्यांवरही आहे. टीएचसीने ते दाबले गेले की लॅक्टेट कमी बनते, मज्जापेशींची उपासमार होते, आणि असे उंदीर दुसऱ्या उंदरांजवळ जाईनासे होतात, आपले आपले कोपऱ्यात राहतात. हे ह्यांना मी वाचून दाखवले तेव्हा हे काही बोलले नाहीत. त्या महिन्यांत हे शब्बातला जेवण झाले की उठून खोलीत जायचे, नातवंडे आलेली असली तरी. उंदरावरून माणसाचे ठरवू नये हे मला माहीत आहे. तरी लिहिले.

आता मायक्रोग्लियाचे थोडक्यात. त्यांच्यावर दुसरे कुलूप, सीबी-२. निरोगी मेंदूत ते फारसे दिसत नाही. मेंदूत सूज आली, इजा झाली की वाढते. माद्रिदच्या संशोधकांनी २००३ साली अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत पाहिले, तर रोगाच्या गाठींभोवती जमलेल्या मायक्रोग्लियावर सीबी-२ भरपूर होते. तेव्हापासून एक आशा आहे. सीबी-१ ला हात न लावता, म्हणजे झिंग आणि विसर न आणता, फक्त सीबी-२ फिरवणारे औषध काढले तर चवताळलेल्या मायक्रोग्लिया शांत होतील का? प्राण्यांत बरे निकाल आले आहेत. माणसांच्या अल्झायमरवर चालेल असे औषध अजून हातात नाही. कुणी तेल विकताना “हे अल्झायमर थांबवते” म्हणाला तर त्याला सोडून द्या. म्हाताऱ्या माणसाची चिडचिड, अस्वस्थपणा कमी होतो का, यावर लहान चाचण्या झाल्या आहेत, आपल्या देशातही. ती वेगळी गोष्ट. गेलेली आठवण परत आणल्याचे कुणी दाखवलेले नाही.

एक प्रयोग मात्र सांगितलाच पाहिजे, कारण व्हॉट्सॲपवर तो अर्धवट फिरतो. २०१७ साली बॉनच्या आणि जेरूसलेमच्या शास्त्रज्ञांनी म्हाताऱ्या उंदरांना महिनाभर टीएचसीचा अगदी थोडा डोस दिला, आणि त्यांची शिकण्याची परीक्षा तरुण उंदरांसारखी उतरली. तरुण उंदरांना तोच डोस दिला तर ते बिघडले. मेंदूची स्वतःची ही किल्ल्यांची व्यवस्था वयाबरोबर मंदावते, त्याला टेकू मिळाला असावा असे ते म्हणतात. ऐकायला गोड आहे. आमचे हे लगेच म्हणाले, “बघ, मग मी चुकलो कुठे?” चुकले असे की उंदरांच्या अंगात बारीक पंप बसवून डोस थेंबथेंब, रात्रंदिवस एकसारखा दिला होता. आणि परीक्षा घेतली ती औषध बंद करून काही दिवस गेल्यावर, अंगात टीएचसी असताना नव्हे. रात्री एकदम सहा थेंब जिभेखाली, याच्याशी त्या प्रयोगाचा काही संबंध नाही.

आता तो हिशेब. टी-१० म्हणजे तेलात साधारण दहा टक्के टीएचसी. एक मिलिलिटरमध्ये सुमारे शंभर मिलिग्रॅम. मिलिलिटरमध्ये पंचवीस ते तीस थेंब धरले तर एका थेंबात तीन-चार मिलिग्रॅम. म्हणजे तीन थेंबांत मेशुलामांच्या केकचा तुकडा झाला! आमचे हे सत्त्याहत्तराव्या वर्षी रोज रात्री दोन तुकडे केक खात होते. टी-३ सी-१५ असे लिहिलेले असेल तर एका थेंबात टीएचसी एक मिलिग्रॅमच्या आसपास. टी-२० सी-४ असेल तर सहा ते आठ. म्हणून नुसते “मी दोन थेंब घेतो” असे शेजारणीला सांगून काही कळत नाही. तिची बाटली वेगळी असेल. एकमेकांचे थेंब तर मुळीच घेऊ नका, आपल्याकडे गोळ्यासुद्धा साखरेसारख्या उसन्या देतात!

आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी ठासून सांगितली नाही, किंवा सांगितली असेल आणि आम्ही ऐकली नसेल. तेल पोटात गेले की त्याचा जोर यायला एक-दोन तास लागतात. अर्ध्या तासात बरे वाटले नाही म्हणून माणूस पुन्हा घेतो, आणि रात्री दोन वाजता दोन्ही डोस एकदम चढतात. त्याच वेळी लघवीला उठायचे असते. चक्कर, खाली आलेला रक्तदाब आणि अंधार, मांडीचे हाड यातूनच मोडते. टीएचसी चरबीत मुरते, म्हाताऱ्या शरीरातून हळू बाहेर पडते, म्हणून रोजचे रोज साचत जाते. आणि ज्यांना रक्त पातळ ठेवायला कुमाडिन आहे त्यांनी डॉक्टरांना तेलाचे सांगितलेच पाहिजे, सीबीडीचेसुद्धा. लिव्हर ज्या रसायनाने कुमाडिन मोडते त्याच्यात सीबीडी अडथळा आणते, मग रक्त ठरल्यापेक्षा पातळ होते. “हे तर झाडाचं आहे, औषध थोडंच,” असे म्हणून पुष्कळ जण लपवतात.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांचे तेल एकदम बंद केले नाही. दर आठवड्याला एक थेंब कमी, आणि फ्रिजवर वही टांगली. त्यात रात्रीचे थेंब, पायांची आग दहापैकी किती, आणि सकाळी मी विचारलेल्या तीन वस्तू आठवल्या का, असे तीन रकाने. वहीकडे बघून ह्यांना सुरुवातीला राग यायचा, “शाळेत घातलंस मला.” सहाव्या-सातव्या आठवड्यापासून तिन्ही वस्तू यायला लागल्या. नावे अजून विसरतात, पण ती तर मीही विसरते. अल्झायमरच्या तपासण्या केल्या, सध्या तरी तसे काही दिसत नाही असे बाई म्हणाल्या.

पायांची आग मात्र दहापैकी तिनावरून सहावर गेली. ही दुसरी बाजू लिहिली नाही तर खोटे होईल. काही रात्री हे बिछान्यात बसून पाय थंड फरशीवर टेकवतात आणि माझ्याकडे बघतात, बाटली कपाटात वरच्या फळीवर असते. मी उठत नाही. मग मलाही झोप लागत नाही. बाईंनी आता दुखण्याची दुसरी गोळी थोड्या डोसने सुरू केली आहे, आणि टी-३ सी-१५ करून बघू म्हणाल्या. पुढची तारीख पेसाखनंतरची आहे. वही घेऊन जायचे आहे.